उस्तादांचा डावा डोळा

आमच्या भाऊजींनी आयुष्यात किती माणसांना मारलं ते त्यांनाही आठवायचं नाही. रिंगमध्ये मारलं ते सोडा, त्याचे तर कप मिळाले. मी रिंगबाहेरचं बोलतोय. रांगेत मध्येच घुसणाऱ्याला मारलं, बॅगला टेकून फोनवर गुलुगुलु बोलणाऱ्या पोराला मारलं, घरमालकाला मारलं. स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरला मारलं, कारण तो म्हणाला, जरा हसा. त्या लग्नातली नवरी म्हणजे माझी थोरली बहीण. तिने भर मांडवात त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं आणि फोटोग्राफरचं नाक पुसायला स्वतःचा रुमाल दिला. तेव्हापासून हे दोन्ही उद्योग तिच्याकडेच आहेत.

सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मीही म्हणतो, भाऊजी फक्त भांडताना. त्यांची जिम म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यामागची एक लांबट शेड. मधोमध रिंग, तिच्या दोरांना जागोजागी चिकटपट्टी. छताच्या लोखंडी तुळईला साखळ्यांनी टांगलेल्या बॅगा, एका भिंतीला आरसा, आणि खिडकीपाशी कोपऱ्यात मी. फाटके ग्लोव्हज शिवायचे, बॅगांमध्ये चिंध्या ठासून भरायच्या, पॅडचे तुटलेले पट्टे बदलायचे, हा माझा धंदा. हातात आरी आणि तोंडात शिव्या. उस्ताद म्हणतात, माझी जीभ त्यांच्या डाव्या हूकपेक्षा जोरात लागते. लागू दे, मी काही गरीब गाय नाही.

पॅड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. शिकवणारा दोन्ही तळहातांवर जाड चामड्याच्या गाद्या चढवतो, आकडे ओरडतो आणि शिकणारा त्या गाद्यांवर ठोसे मारतो. एक म्हटलं की पुढचा हात सरळ, दोन म्हटलं की मागचा, तीन म्हटलं की हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा. उस्तादांच्या तोंडून आकडा निघायच्या आधी त्यांचा पॅड जागेवर गेलेला असायचा. तीस वर्षं रोज हेच केलेलं. डोळे बांधले असते तरी जमलं असतं, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. आमचंही डोकं तेव्हा कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे.

त्यांच्या जिमचा एक नियम होता. पॅड धरताना उस्तादांचा हात खाली आला, तोंड उघडं पडलं, तर शिकणाऱ्याने तिथे ठोसा मारायचा. हळू मारायचा, पण मारायचा. "समोर कोण आहे ते बघू नका," ते सांगायचे. "दार उघडं दिसलं की आत शिरायचं. माझं दार उघडं असलं तर चूक माझी." इतक्या वर्षांत कोणाला ते दार उघडं मिळालं नव्हतं.

साखर त्यांना बारा वर्षांपूर्वी निघाली. पहिल्या दिवशी त्यांनी रिपोर्ट हातात घेतला आणि डॉक्टरांना विचारलं, "याला पाडायचं कसं?" मग लागले पाठीमागे. गोड बंद, पहाटे पळणं, गोळ्या घड्याळाच्या काट्यावर, बोट टोचून मोजणं. सुरुवातीची काही वर्षं रक्तातली साखर चढतच होती, कारण गोड बंद म्हणजे चहातली साखर बंद एवढाच त्यांनी अर्थ घेतला होता. पण पुढे आकडे खाली आले आणि उस्ताद छाती काढून फिरायला लागले. कोपऱ्यावरचे आमचे डॉक्टर दर वर्षी सांगायचे, "आकडे चांगले आहेत, छान. आता एकदा डोळ्यांत थेंब टाकून आतला पडदा तपासून घ्या. साखर जुनी झाली की तिथे गडबड होते, आणि ती आपल्याला कळत नाही." उस्ताद भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं तिथूनच वाचून दाखवायचे. "दिसतंय ना? मग?" पालथ्या घड्यावर पाणी.

आता यातली खरी गंमत ऐका. असा पडदा तपासणारा डोळ्यांचा दवाखाना उस्तादांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होता. स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला लायसन्ससाठी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो, आणि आपल्या पोरापोरींना तिथे नेण्याचं काम उस्ताद स्वतः करायचे. एखादा टाळायला लागला की त्याची मान धरून न्यायचे. बाहेरच्या लाकडी बाकावर बसायचे, आतलं पोरगं थेंबांमुळे डोळे चोळत बाहेर आलं की त्याच्या डोक्यात टपली मारून घरी सोडायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आतल्या खुर्चीत मात्र ते कधी बसले नाहीत, आणि का बसले नाहीत हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या हिवाळ्यात त्यांचा राग वाढला. आधीच नाकावर असायचा, आता पार कपाळावर चढला. चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतायचे आणि कप ठेवणाऱ्यावर खेकसायचे. जिममधून बाहेर पडताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा आणि ते चौकटीला लाथ मारायचे. एकदा फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या केळीवाल्याच्या गाडीवर डाव्या अंगाने धडकले. केळी रस्त्यावर पडली. तो बिचारा म्हणाला, "अहो, बघून चाला की." उस्तादांनी त्याला दोन ठोसे दिले, एक पोटात आणि तो वाकल्यावर एक कानशिलावर. माणूस आपल्याच केळ्यांवर आडवा झाला. मी मध्ये पडलो तर मलाही कोपर लागलं. ताई धावत आली, त्याला उठवलं, त्याच्या कानातून रक्त येतंय का पाहिलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "लाज वाटू द्या." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशा उस्तादांच्या चालूच होत्या, गाडी वाटेत का लावली म्हणून.

त्याच सुमारास ते मला एकदा म्हणाले, "डाव्या डोळ्यापुढे काळे धागे नाचतात रे. मध्येच लाल धूर झाल्यासारखं होतं."

"मग डॉक्टरकडे जा."

"डॉक्टर कशाला? परवा त्या जाड्याचा ठोसा निसटून लागला होता. चार दिवसांत उतरतं ते."

बॉक्सिंगवाल्यांची ही खोडच आहे. डोळ्यापुढे तारे चमकले, काळं आलं, लाल आलं, तर प्रत्येकाला आधी ठोसा आठवतो. कुठला ना कुठला ठोसा तर लागलेलाच असतो. ते बर्फाची पिशवी लावून बसायचे. धूर थोडा निवळायचा, मग पुन्हा यायचा, मग पुन्हा बर्फ. ताईला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

आमच्या जिममध्ये एक पोरगी आहे, डावखुरी. नावही तेच पडलंय. दिवसा एका गोदामात खोकी उचलते आणि सकाळी इथे येते. डावखुरी असल्यामुळे ती उजवा पाय पुढे टाकून उभी राहते आणि तिचा हूक उजव्या हाताने येतो, म्हणजे समोरच्याच्या डाव्या गालाकडे. तो हूक उस्तादांनीच तिला वर्षभर घासून घासून शिकवलेला. स्वतःला मूल नाही म्हणून असेल, पण तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. वसंतात तिची मोठी लढत होती.

त्या सकाळी ते तिला पॅड देत होते. मी एका ग्लोव्हचा अंगठा शिवत होतो, त्यामुळे मान खाली होती, पण कान तिकडे होते. एक-दोन, एक-दोन, फटाफट आवाज येत होता. मग तिचा आवाज आला, "उस्ताद, हात." थोड्या वेळाने पुन्हा, "उस्ताद, डावा हात वर." मी मान वर केली. उस्तादांचा डावा पॅड पार छातीशी लोंबत होता आणि ते एक-दोन ओरडतच होते. दार सताड उघडं होतं. तिने नियमाप्रमाणे उजवा हूक मारला. हळूच मारला होता, मी शपथेवर सांगतो. पण येणारा ठोसा दिसला की माणूस मान आवळतो, जबडा मिटतो. उस्तादांनी यातलं काहीच केलं नाही. मान गर्रकन फिरली आणि ते गुडघ्यांवर आले.

उस्ताद उठले, उजव्या हाताचा पॅड दातांनी ओढून फेकला आणि नुसत्या मुठीने तिच्या तोंडावर मारलं.

ती पॅडवर खेळत होती, तिच्या तोंडात रबराचं कवचही नव्हतं. खाडकन आवाज आला. ती दोरावर जाऊन आदळली आणि परत आली. ओठ फाटला होता, पुढचा अर्धा दात रिंगमध्ये पडला होता आणि हनुवटीवरून रक्त गळत होतं. मी आरी टाकून रिंगमध्ये घुसलो आणि मागून उस्तादांना कवळलं. त्यांनी माझ्या बरगडीत कोपर खुपसलं, मी सोडलं नाही. "चोरून मारतेस?" ते ओरडत होते. "माझ्याच जिममध्ये मला चोरून मारतेस?"

डावखुरीने हात उचलला नाही. रक्त थुंकली आणि म्हणाली, "चोरून नाही मारलं. दोनदा हाक मारली. सगळ्यांनी ऐकलंय."

"खोटं!"

"ऐकलंय, भाऊजी," मी म्हणालो. "मीपण ऐकलंय."

ती जवळ आली. ग्लोव्ह घातलेला उजवा हात तिने त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला धरला, अगदी टीचभर अंतरावर. "हा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

कोणी हसलं नाही. मग तिने दुसरा हात ग्लोव्हसकट उचलला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर धरला. "आता सांगा. मी कुठे उभी आहे?"

माझ्या हातांत उस्तादांचं अंग होतं. ते आधी ताठ झालं, मग थरथरायला लागलं. इतकी वर्षं मी त्यांना रागाने थरथरताना पाहिलंय, पण ते हे नव्हतं. माणूस भ्याला होता. आणि भ्यालेल्या उस्तादांना एकच गोष्ट येते. त्यांनी मला झटकून फेकलं, रिंगमधून खाली उडी मारली आणि भिंतीवरच्या आरशात मूठ घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. काचा खळाखळा खाली आल्या. हाताची सालटी निघाली, कोपरापर्यंत रक्त आलं, तरी ते मारतच होते, आणि मारताना म्हणत होते, "दिसतंय मला. दिसतंय."

घरी ताईने चिमट्याने काचा काढल्या. मी दारात उभा होतो. घडलं ते सगळं मी तिला सांगून टाकलं होतं, धाग्यांसकट. ती चिमटा जरा खोलच घालत होती.

"उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"का?"

तेव्हा कुठे पोटातलं बाहेर आलं. तरुणपणी त्यांचा एक जोडीदार होता, दोघे एकाच रिंगमध्ये वाढलेले. मोठ्या लढतीच्या आधी त्याला त्या खुर्चीत बसवलं, थेंब टाकले, आणि डॉक्टर म्हणाले पडद्याला भोक आहे. त्याच दिवशी लायसन्स रद्द. त्याला तोवर काहीही त्रास नव्हता, लख्ख दिसत होतं. पुढे तो ट्रक रिकामे करायला लागला, मग प्यायला लागला, मग मेला. "आत जाताना तो बॉक्सर होता," उस्ताद म्हणाले. "बाहेर आला तेव्हा कोणी नव्हता. त्या खुर्चीत बसलं की माणूस संपतो. मी पोरांना नेतो तेव्हा बाकावर माझा जीव गोळा होतो."

ताईने चिमटा खाली ठेवला. "तुमचं लायसन्स संपून किती वर्षं झाली? तुमचं कोण काय फाडणार आहे?"

"तुला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतं की एक डोळा गेलाय आणि दुसराही त्याच डोक्यात आहे."

ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ताई त्या दाराकडे बघत बसली. मला वाटलं रडेल, पण तिने रक्ताचं पाणी मोरीत ओतलं आणि भांडी घासायला घेतली. घासताना एका पातेल्याला पोचा पडला.

दुसऱ्या दिवशी डावखुरी येणार नाही अशी माझी खात्री होती. ती आली. ओठाला टाके, तोंड सुजलेलं. हातांना पट्ट्या बांधल्या, ग्लोव्हज चढवले आणि रिंगमध्ये जाऊन उभी राहिली.

"उस्ताद, या."

उस्ताद कोपऱ्यात काचा झाडत होते. एक हात बँडेजमध्ये. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "पोरी, कालचं माझं चुकलं. तुझ्या दाताचं—"

"माफी नको मला. एक राऊंड द्या. मी तुमच्या डोक्याला हात लावणार नाही, फक्त बरगड्या. आणि सगळे ठोसे तुमच्या डाव्या बाजूने मारणार, आधीच सांगून ठेवते. एक जरी अडवलात तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही अडवलात तर आजच्या आज त्या खुर्चीत बसायचं."

"हात फुटलाय त्यांचा," मी म्हणालो.

"माझा दात फुटलाय," ती म्हणाली.

उस्तादांना नाही म्हणता येईना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी ग्लोव्हज मागितले, बँडेजवरून मीच चढवले. घंटा झाली. ती सरकत त्यांच्या डावीकडे गेली आणि पहिला ठोसा बरगडीत बसला. ते वळले, तोवर ती आणखी डावीकडे. दुसरा. तिसरा. ते गोल गोल फिरत होते, हवेत हात मारत होते, आणि ती त्यांनीच शिकवलेल्या पायांनी त्यांच्या अंधाऱ्या बाजूला राहून मारत होती. प्रत्येक ठोशाला "हुंक" असा आवाज यायचा. ती हात राखून मारत नव्हती. काल तिला जे लागलं होतं तेही त्यात होतं आणि दुसरंही काही होतं, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडे हात नव्हते.

मी घंटा लवकर वाजवली. मला बघवेना. उस्ताद दोराला टेकून वाकले होते, श्वास ओढत होते. एकही ठोसा त्यांना अडवता आला नव्हता.

"कपडे बदलतो," ते म्हणाले. "चल."

दवाखान्यातल्या बाकावर त्या दिवशी आम्ही तिघं बसलो. मी, डावखुरी आणि घरून धावत आलेली, धापा टाकणारी ताई. आतल्या डॉक्टरीणबाई उस्तादांना ओळखत होत्या. "आज कोणाला घेऊन आलात?" त्यांनी विचारलं. उस्ताद सरळ जाऊन खुर्चीत बसले. बाईंनी फुटलेली मूठ बघितली, बरगडी धरून वाकलेलं अंग बघितलं आणि काही न विचारता थेंब टाकले.

तपासणी झाल्यावर त्यांनी ताईला आणि मला आत बोलावलं. डोळ्याचं चित्र काढून समजावलं. साखर जुनी झाली की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, मग तिथे नव्या उगवतात, पण त्या कच्च्या. कधीही फुटतात आणि डोळ्यात रक्त साचतं. धागे, लाल धूर, ते सगळं रक्त होतं. त्यात ठोशाचा काही संबंध नव्हता. डाव्या डोळ्यात हे इतक्यांदा झालं होतं की पडदाच ओढला जाऊन सुटला होता, मधल्या भागासकट, आणि बरेच महिने झाले होते. "ऑपरेशन करून बघू," बाई म्हणाल्या, "पण उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ. खोटी आशा लावत नाही."

"आणि उजवा?" ताईने विचारलं.

"उजव्यातही तशाच कच्च्या वाहिन्या उगवल्यात. थोडं रक्तही आलंय."

"पण उजव्याने मला सगळं दिसतं," उस्ताद म्हणाले. "ती पाटी वाचून दाखवू?"

"दिसतं म्हणून तर आज काहीतरी करता येतं. दिसायचं बंद झाल्यावर आलात की काय होतं ते डाव्याने दाखवलंय. हा पडदा दुखत नाही हो. आतून बघितल्याशिवाय कोणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. लेझर सुरू करू. नवं काही दिसायला लागेल असं नाही, आहे ते टिकावं म्हणून. टिकेलच असंही आज सांगत नाही. आणि डोक्याला एकही ठोसा नको."

उस्तादांनी विचारलं, "डाव्याला हे लेझर आधी केलं असतं तर?"

बाई म्हणाल्या, "वर्षभर आधी आला असतात तर बहुतेक वाचला असता."

स्टूल भिंतीवर आदळलं तेव्हा मला कळलं की उस्तादांनी ते उचललं होतं. बाहेरचा माणूस धावत आला. बाई जागच्या हलल्या नाहीत. "झालं?" त्यांनी विचारलं. "आता हनुवटी इथे ठेवा."

लेझरचं मशीन मी दारातून पाहिलं. हनुवटी एका पट्टीवर टेकायची, कपाळ पुढच्या पट्ट्याला चिकटवायचं आणि हलायचं नाही. उस्ताद आयुष्यभर एकच ओरडत आले होते, हनुवटी आत, हात वर. इथे हनुवटी पुढे काढून द्यायची आणि हात मांडीवर. मग सुरू झालं. हिरव्या उजेडाचे फटके, एकामागून एक, थेट उघड्या डोळ्यात. शेकडो. प्रत्येक फटक्याला त्यांचे खांदे आक्रसायचे. मध्येच डोळ्याच्या मागे कळ जायची तेव्हा बूट फरशीवर घासायचे. ना वाकता येत होतं, ना मागे सरता येत होतं, ना उलटून मारता येत होतं. त्यांच्या मुठी वळल्या होत्या आणि बँडेजमधून पुन्हा रक्त यायला लागलं होतं. डावखुरी माझ्या खांद्यावरून बघत होती. "हात वर नाही नेला," ती हळूच म्हणाली. "मी असते तर नेला असता."

लेझरच्या फेऱ्या पुढे कितीतरी आठवडे चालल्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. खिडकीकडे तोंड केलं की फिकट काहीतरी जाणवतं, बस. लेझरने उजव्याची अंधारातली नजर कमी झाली, त्यामुळे उस्ताद अंधार पडल्यावर धडपडायला लागले. पॅड आता जाड्या धरतो आणि उस्ताद खाली खुर्चीवर बसून आकडे ओरडतात. डावखुरी लढत हरली. हरली ती हरली, पण शेवटच्या घंटेपर्यंत उभी राहिली. तिचा दात बसवलाय, जरा जास्तच पांढरा दिसतो. उस्तादांना तिने माफ केलं का, हे तिने कोणाला सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही, मला माझे दात प्यारे आहेत.

उन्हाळ्यात लेझरनंतरची शेवटची तपासणी होती. त्यात ठरणार होतं, उजवा राहतो की तोही डाव्याच्या वाटेने जातो. ताईने आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. थेंब टाकले, वेळ गेला, बाई आत-बाहेर करत राहिल्या. मग दार उघडून त्या म्हणाल्या, "वाहिन्या सुकल्यात. नवं रक्त नाही. उजवा टिकला. पण दर काही महिन्यांनी यायचं, दिसतंय म्हणून टाळायचं नाही."

उस्ताद बाहेर आले. थेंबांमुळे डोळे मिचकावत होते, तोंडभर हसत होते. "ऐकलंस? टिकला."

ताई बाकावरून उठली आणि तिने त्यांना मारलं. थोबाडीत. मग छातीवर, दंडावर, दोन्ही मुठींनी. माझी बहीण जेमतेम त्यांच्या खांद्याला लागते. इतक्या वर्षांत तिने कोणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. "वर्षभर आधी!" ती ओरडत होती. "वर्षभर आधी आला असतात तर दोन्ही राहिले असते! बाहेर बसायचात! याच बाकावर बसायचात! दार चार पावलांवर होतं!" कॉरिडॉरमधली सगळी माणसं बघत होती. एक म्हातारी उठून उभी राहिली. मी मध्ये पडायला गेलो तर उस्तादांनी मला हाताने मागे ढकललं. ते नुसते उभे होते. हात खाली, तोंड उघडं.

मग ती एकदम थांबली. तिची मूठ हवेत होती, त्यांच्या डाव्या गालापाशी, आणि ते मूठ यायच्या दिशेला बघतही नव्हते. ते समोर बघत होते, हसणं अजून तोंडावर तसंच होतं. तिने मूठ खाली घेतली. पदराने नाक पुसलं, त्यांच्या पुढून फिरून उजव्या बाजूला आली आणि त्यांना दिसेल अशी, पूर्ण हात मागे नेऊन, दंडावर एक ठेवून दिली.

"हा दिसला," उस्ताद म्हणाले, आणि तिथेच, त्या सगळ्या माणसांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले.